जमेना सोयरीक: समाजशास्त्राचे सिद्धांत गावात कसे वापरावेत

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूर शहरातून एक वरात निघाली. घोडे होते, बँड होता, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव होते. नवरी मात्र एकही नव्हती. वरात थेट जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली आणि तिथे या तरुणांनी निवेदन दिले: लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कडक अंमलबजावणी करा. ज्योती क्रांती परिषद या संघटनेने काढलेल्या या मोर्चाची छायाचित्रे देशभर फिरली. अनेकांनी ती गंमत म्हणून पाहिली. पण तिथे जे घडले ते समाजशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचे होते.

तोपर्यंत हे दुःख ज्याच्या त्याच्या घरात होते. आई ज्योतिषाकडे पत्रिका घेऊन जायची, कुणी मंगळ सांगायचे, कुणी नक्षत्र. वडील प्रत्येक पाहुण्याला हळूच म्हणायचे, ‘एखादं स्थळ असलं तर सांगा.’ मुलगा मित्रांच्या लग्नाला जायचे टाळू लागायचा. आपल्यातच काहीतरी उणे आहे, असे प्रत्येकाला वाटत होते. सोलापुरात ही माणसे एकत्र आली आणि म्हणाली की हा आमच्या एकेकट्याच्या नशिबाचा प्रश्न नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ या पुस्तकात नेमका हाच फरक मांडला होता. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचे कौशल्य, त्याच्यापुढच्या संधी तपासाव्यात. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकट्याचा स्वभाव तपासून काहीच हाती लागणार नाही. त्या देशाची अर्थव्यवस्था तपासावी लागेल. एकट्याची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांच्यातला संबंध ओळखता येणे, याला मिल्स समाजशास्त्रीय दृष्टी म्हणतात.

ही दृष्टी कशी कमवायची, हा या लेखाचा विषय आहे. समाजशास्त्राचे सिद्धांत बहुतेकांना भेटतात ते महाविद्यालयाच्या नोट्समध्ये किंवा स्पर्धा परीक्षेच्या वैकल्पिक विषयात: दुर्खीम म्हणजे सामाजिक तथ्य, वेबर म्हणजे नोकरशाही, मार्क्स म्हणजे वर्गसंघर्ष. अशी पाठ केलेली नावे परीक्षेनंतर विसरतात, कारण त्यांचा वापर कुठे होतो हे कुणी दाखवलेले नसते. त्यापेक्षा चांगला मार्ग असा की आपल्या परिसरातला एकच प्रश्न हाती घ्यावा आणि एकेका विचारवंताला त्या प्रश्नापाशी आणावे. तो काय विचारतो ते पाहावे, तसे आपणही विचारून पाहावे. इथे सोलापूरच्या वरातीचाच प्रश्न घेऊ. वाचकाने आपल्या गावातला दुसरा घ्यावा, पद्धत हीच राहील.

सुरुवात मोजण्यापासून. एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. इतका खाजगी वाटणारा विषय, पण त्यांनी एकाही माणसाची करुण कहाणी सांगितली नाही. त्यांनी दर पाहिले. कॅथलिक प्रदेशात किती, प्रोटेस्टंट प्रदेशात किती. विवाहितांत किती, अविवाहितांत किती. वर्षानुवर्षे हे दर फारसे हलत नाहीत आणि समूहासमूहांत मात्र वेगळे असतात, म्हणजे त्यांचे कारण समूहाच्या घडणीत शोधले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडच्या शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास करताना बी. बी. मोहंती यांनी अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत दुर्खीम यांच्याच चौकटीचा आधार घेतला. शंभर वर्षांपूर्वीचा युरोपातला सिद्धांत वऱ्हाडातही प्रश्न विचारायला उपयोगी पडतो, तो असा.

लग्नाच्या प्रश्नात पहिला दर म्हणजे शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुली. जनगणनेनुसार महाराष्ट्रात हा आकडा १९९१ मध्ये ९४६ होता, २००१ मध्ये ९१३ झाला आणि २०११ मध्ये ८९४ वर आला. बीड जिल्ह्यात तर तो २०११ मध्ये ८०७ इतका खाली गेला. गर्भलिंग चाचणीवर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, तेही १९८८ मध्ये. त्यानंतरची ही उतरण आहे.

मोर्चातल्या तरुणांचे म्हणणे इथे खरे ठरते असे वाटेल. इथेच जरा थांबावे. निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. म्हणजे १९९१ चा ९४६ हा राज्याचा आकडा जवळजवळ नैसर्गिकच आहे. २०२२ मध्ये तिशी ओलांडलेले तरुण १९९२ च्या आधी जन्मलेले. त्यांच्या बरोबरीच्या मुली फारशा कमी नव्हत्या. मात्र आपल्याकडे नवरी चार-पाच वर्षांनी लहान पाहतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला येणाऱ्या मुली पुढच्या, ९१३ च्या दिशेने घसरणाऱ्या पिढीतल्या. शिवाय जन्मदर घटत असला की धाकट्या वयाच्या मुली मुळातच संख्येने कमी असतात, आणि ज्यांचे यंदा जमले नाही ते पुढच्या वर्षीच्या रांगेत उभे राहतात. हे सगळे धरले तरी हा तुटवडा साऱ्या वरांच्या वाट्याला थोडाथोडा यायला हवा. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. त्याच वर्षी जन्मलेला, त्याच भावकीतला, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा संसाराला लागलेला असतो आणि गावात शेती करणारा त्याचा चुलतभाऊ बसून राहतो. मुली किती कमी आहेत हा एक प्रश्न. त्या तुटवड्याची झळ कुणाला लागते, हा दुसरा. आकडा पहिल्याचे उत्तर देतो आणि दुसऱ्यापाशी आणून सोडतो.

हे काम कुणालाही करता येते. एका वहीत तक्ता आखावा: तिशीपुढचे अविवाहित पुरुष, प्रत्येकाची जमीन किती आणि ती बागायत की कोरडवाहू, शिक्षण, उपजीविका, भावंडांतला क्रमांक. नावे लिहू नयेत, आकडे पुरेत. शेजारीच त्याच वयाच्या विवाहितांचाही तक्ता हवा, कारण तुलनेशिवाय पहिल्या तक्त्याला अर्थ नाही. नवखे अभ्यासक ही चूक हमखास करतात. ज्यांचे बिनसले त्यांच्याकडेच जातात आणि ज्यांचे जमले त्यांना विचारतच नाहीत. ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि विवाहनोंद, जनगणनेचे तक्ते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार माहिती हे सारे त्याच्या जोडीला ठेवावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. तो सर्वांत बारकाईने ज्याने हाताळला तो माणूस फ्रान्समधला आहे. पिएर बोर्द्यू हे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बेआर्न या डोंगराळ, शेतीप्रधान भागात १९३० मध्ये जन्मले. आजोबा दुसऱ्याची शेती वाट्याने करणारे, वडील पोस्टात. पॅरिसला शिकून मोठे झाल्यावर बोर्द्यू आपल्याच मुलखात परतले ते एक कोडे घेऊन. तिथल्या रिवाजाप्रमाणे घर आणि जमीन मोडू नये म्हणून वारसा मुख्यतः थोरल्या मुलाकडे जाई. त्यामुळे लग्नाच्या बाजारात थोरल्याचा भाव मोठा, आणि बिनलग्नाचे राहायचे ते धाकटे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर हे उलटले. ज्यांच्याकडे जमीन आणि घराणे, तेच थोरले मुलगे अविवाहित राहू लागले.

१९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ लेखात बोर्द्यूंनी नाताळच्या वेळच्या एका नाचाचे वर्णन केले आहे. गावातल्या कॅफेच्या मागच्या खोलीत तरुण जोडपी नव्या पद्धतीचे नाच करताहेत. कडेला तिशीच्या आसपासचे, त्याहून मोठेही पुरुष उभे आहेत. जुन्या धाटणीचा सूट, डोक्याला बेरे टोपी. ते नाचत नाहीत, नुसते पाहत राहतात. बोर्द्यूंनी त्यांच्या उभे राहण्याकडे, चालण्याकडे, हातांच्या हालचालीकडे लक्ष दिले. मातीत काम करून घडलेले ते शरीर त्या खोलीत अवघडलेले होते. गावातल्या मुली शहरी पोशाख, बोलणे, वागणे लवकर उचलत होत्या आणि त्याच नजरेने त्या या पुरुषांकडे पाहत होत्या. हे पुरुषही स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागले होते, हा बोर्द्यूंच्या निरीक्षणातला सर्वांत वेदनादायक भाग. जमीन तीच होती, पण तिचे मोल ठरवणारी मोजपट्टी शहराच्या हातात गेली होती. पैसा, शिक्षण, ओळखी, रुची, बोलण्याची ढब ही सगळी निरनिराळ्या प्रकारची भांडवले आहेत आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर कधी होते, कधी अडते, हा त्यांचा पुढे जगभर गाजलेला सिद्धांत. त्याची मुळे या नाचाच्या खोलीत आहेत, हे लक्षात घेतले तर तो सिद्धांत समजायला मुळीच अवघड नाही.

आपल्याकडे नाचाची खोली नाही, पण वधू-वर मेळावा आहे. वाचकाने एखाद्या मेळाव्यात मागच्या रांगेत बसून दोन-तीन तास लक्ष द्यावे. माइकसमोर येणारा मुलगा स्वतःची ओळख कुठल्या क्रमाने करून देतो? आधी पगार सांगतो की आधी एकर? ‘बागायत’ हा शब्द किती जणांच्या तोंडी येतो? ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ म्हटल्यावर खालच्या कुजबुजीत काय फरक पडतो? शेती करणारा मुलगा ‘शेती करतो’ असे सरळ म्हणतो, की ‘शेती आणि व्यवसाय’ असे काहीतरी जोडतो? हे सगळे टिपून ठेवावे. वधू-वर सूचक मंडळात साठलेल्या जुन्या बायोडाटांचा गठ्ठा मिळाला तर फार उत्तम. वीस वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या बायोडाटात अपेक्षांच्या रकान्यात काय लिहिले आहे, याची तुलना करता येते.

बोर्द्यूंच्या बेआर्नमध्ये आणि महाराष्ट्रात एक मोठा फरक आहे, तो विसरून चालणार नाही. तिथे जमीन एकाकडे राहत होती, इथे ती वाटली जाते. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहितीखालचे क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे इथल्या शेतकरी नवऱ्याचा भाव उतरला तो शहराच्या मोजपट्टीमुळे जसा, तसाच हातातली जमीन खरोखर आक्रसल्यामुळेही. परदेशी सिद्धांत वापरताना असा फरक शोधणे हा कामाचाच भाग आहे. सिद्धांत जिथे बसत नाही तिथे आपली खरी माहिती सापडते.

जमिनीची गोष्ट निघाली की कार्ल मार्क्स यांच्याकडे वळावे लागते. त्यांचा प्रश्न साधा आहे: माणसे पोट कसे भरतात, साधने कुणाच्या मालकीची आहेत, आणि त्यातून त्यांचे परस्परांशी संबंध कसे ठरतात? लग्नाला हा प्रश्न लावायचा तर बीडच्या ऊसतोड कामगारांकडे पाहावे. तिथे मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या पुरुषाला या कामात फारशी किंमत नाही, त्यामुळे मुलाचे लग्न लवकर लावले की घरात आणखी एक कोयता येतो आणि आणखी एक उचल. मुलीच्या बाजूने पाहावे तर आईवडील सहा-सहा महिने कारखान्याच्या कोप्यांवर, वयात आलेल्या मुलीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचे हा घोर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते.

एकाच राज्यात एका वर्गातली मुले चाळिशीकडे झुकली तरी अविवाहित आणि दुसऱ्या वर्गातल्या मुली शाळा सोडून बोहल्यावर. संस्कृती, परंपरा, जमाना बदलला अशी सरधोपट उत्तरे या दोन्ही गोष्टी एकदम समजावून देऊ शकत नाहीत. कामाची रचना पाहिली तर दोन्ही समजतात. बालविवाहाविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. नुसते प्रबोधन करून उचल देण्याची रीत बदलत नाही, आणि हंगामी वसतिगृह नसलेल्या गावात मुलीला मागे ठेवण्याचा सल्ला पाळणे आईबापांना शक्य नसते.

मार्क्स यांच्या चौकटीत न बसणारी एक गोष्ट मात्र गावोगाव ऐकू येते. मुलीचा बाप म्हणतो, ‘शेती पाहिजे, पण शेतकरी नको.’ कंपनीत कंत्राटी कामावर महिना पंधरा-वीस हजार मिळवणारा चालतो, त्याच्याहून अधिक कमावणारा द्राक्ष किंवा डाळिंब बागायतदार नाकारला जातो. कमाईच सर्व काही असती तर असे झाले नसते. इथे मॅक्स वेबर उपयोगी पडतात. त्यांनी वर्ग आणि प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. वर्ग बाजारातल्या स्थानावरून ठरतो. प्रतिष्ठा ठरते ती समाज कुणाला किती मान देतो यावरून, आणि तिची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे कोण कुणाच्या पंगतीला बसतो आणि कुणाला मुलगी देतो. रोटी-बेटी व्यवहार हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग हेच सांगतो. पगार कमी असला तरी त्याला तारीख असते, शेतीच्या उत्पन्नाला नसते. आणि त्या तारखेमागे एक मान उभा असतो.

वेबर यांची दुसरी शिकवण पद्धतीची आहे. माणूस जे करतो त्याला तो स्वतः कोणता अर्थ देतो, हे समजून घेतल्याशिवाय समाजाचे स्पष्टीकरण पुरे होत नाही. त्यामुळे तक्ते आखून झाल्यावर माणसांशी बोलायला हवे, आणि बोलताना ‘तुम्ही शेतकरी मुलगा का नाकारता’ असे विचारू नये. असा प्रश्न ऐकला की समोरचा बचावाला उभा राहतो आणि शिकवलेले उत्तर देतो. त्याऐवजी शेवटच्या आलेल्या स्थळाची हकिकत विचारावी. निरोप कुणी आणला, पाहायला कोण कोण आले, घरात सर्वांत आधी कोण नको म्हणाले, मुलीला केव्हा विचारले. हकिकतीत कारणे आपोआप येतात: पावसाचा भरवसा नाही, सोसायटीचे कर्ज आहे, पोरीने पुन्हा शेणातच हात घालायचे का. यातले शेवटचे वाक्य बहुतेक वेळा आई बोलते, आणि ते वाक्य तिच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल असते.

गावाची समजूतही स्वतःचे काम करत असते. डब्ल्यू. आय. थॉमस आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८ मध्ये मांडले की माणसांनी एखादी परिस्थिती खरी मानली की तिचे परिणाम खरे होतात. रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये त्याचा विस्तार केला: बँक बुडणार अशी आवई उठली की लोक पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँकही बुडते. शेतकऱ्याला मुलगी मिळत नाही हे पक्के मानले गेले की हुशार मुलगे लग्न जमेपर्यंत तरी चाकण-रांजणगावच्या कंपनीत जातात, शेतीत उरणाऱ्यांकडे ‘ज्याला काही जमले नाही तो’ म्हणून पाहिले जाते आणि समजूत आणखी पक्की होते. मर्टन यांनीच १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या कृतींच्या अनपेक्षित परिणामांवर लिहिले होते. एक मुलगा हवा म्हणून चाचणी करणाऱ्या कुठल्याच घराला गावात नवऱ्या नसाव्यात असे वाटत नव्हते.

या सगळ्यात एका मोठ्या गोष्टीचा उल्लेख अजून झालेला नाही. मुली कमी आहेत असे म्हणताना प्रत्येकाच्या मनात ‘आपल्यातल्या’ मुली असतात. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण जेमतेम पाच टक्के आढळले होते. म्हणजे तरुणापुढे जिल्ह्यातल्या सगळ्या मुली कधीच नसतात. पोटजात, कुळी, देवक, सोयरसंबंधांचा टापू अशा चाळण्यांतून उरलेल्या थोड्याच असतात. आणि इथे ज्या विचारवंताकडे जायचे, त्यांचा या प्रश्नावरचा निबंध १९१६ चा आहे.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जातीचे सार कशात आहे? विटाळात नाही, व्यवसायात नाही. आपल्यातच लग्न करण्याच्या नियमात आहे, असे त्यांनी मांडले. पुढचे त्यांचे तर्कशास्त्र थक्क करणारे आहे. समूहाला स्वतःत बंद राहायचे असेल तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येने हवेत. पती मेला की एक स्त्री जास्त होते, पत्नी मेली की एक पुरुष जास्त होतो. जास्त झालेली माणसे जातीबाहेर लग्न करतील आणि भिंत फुटेल. मग सती आणि सक्तीचे वैधव्य हे जास्त झालेल्या स्त्रीवरचे उपाय ठरतात, आणि जास्त झालेल्या पुरुषासाठी अजून वयात न आलेली मुलगी राखून ठेवली जाते, म्हणजे बालविवाह. स्त्रियांवरची बंधने आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांनी संख्येच्या एका कोड्यातून दाखवले.

शंभर वर्षांनंतर ‘जास्तीचा पुरुष’ पुन्हा समोर उभा आहे, यावेळी मृत्यूमुळे नव्हे तर जन्मच होऊ न दिल्यामुळे. आंबेडकरांच्या मांडणीवरून एक तपासता येण्याजोगा प्रश्न निघतो: तुटवडा वाढला की भिंत कुठे भेगाळते? आपल्या तालुक्यातल्या गेल्या दहा वर्षांतल्या लग्नांची माहिती काढावी. आधी पोटजाती सैल होतात का? मग टापू वाढतो का, लांबच्या जिल्ह्यातून, परराज्यातून मुली येतात का? हुंडा थांबून उलट मुलीकडच्यांना पैसे देणे सुरू झाले का, मध्यस्थ किती घेतो? हरियाणात दूरच्या राज्यांतून येणाऱ्या वधूंचा अभ्यास रविंदर कौर यांनी केला आहे. तिथे लांबच्या मुलीची जात फारशी विचारली जात नाही, पण शेजारच्या गावातल्या दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलेल्या मुलीला जीव मुठीत धरावा लागतो. भिंत पुरुषाच्या सोयीने एका बाजूने उघडते, एवढेच यातून दिसते.

स्त्रियांची बाजू शेवटी आली, याचे कारण ती कमी महत्त्वाची आहे असे नाही. सोलापूरच्या निवेदनात, गावच्या पारावर, वृत्तपत्रांच्या बातम्यांत मुलगी येते ती ‘मिळत नाही’ या क्रियापदासोबत. ती काय म्हणते हे विचारलेले क्वचित दिसते. मुली कमी झाल्या तर त्यांचे काय होईल, यावर १९८३ च्या सुमारास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक वाद झाला होता. अर्थतज्ज्ञ धर्मा कुमार यांनी पुरवठा आणि मागणीच्या तर्काने सुचवले की स्त्रिया कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी त्याला ठाम विरोध केला. स्त्री ही बाजारातली वस्तू नाही आणि पुरुषसत्ताक समाजात दुर्मीळ झालेल्या स्त्रीवर बंधने आणि हिंसाच वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकाच वस्तुस्थितीबद्दल दोन सिद्धांत, दोन भाकिते, आणि आज चाळीस वर्षांचा पुरावा हाताशी. वाचकाला आपल्या भागात ते पडताळता येईल. मुलींचे शिक्षण लांबले का, नकार देण्याची मुभा वाढली का, की पळवून नेण्याच्या भीतीने दहावीतच शाळा सुटते? दोन्ही गोष्टी एकाच गावात, पण वेगवेगळ्या घरांत सापडण्याची शक्यता मोठी आहे, आणि कुठल्या घरात काय हे जात आणि जमीन पाहून लिहून ठेवावे.

मुलींच्या नकाराकडे हट्ट किंवा हाव म्हणून पाहणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवताना आढळल्या. घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि असा भाग घेणारे पुरुष मुळात चारातला एक. शेतकरी घरात याच्या वर गोठा आणि रान. जिने आईचा दिवस जवळून पाहिला आहे ती मुलगी शहरातल्या दोन खोल्या पसंत करते, तेव्हा ती नळाचे पाणी, गॅस, जवळचा दवाखाना आणि स्वतःच्या हातातले दोन-तीन तास यांचा विचार करत असते. हे तिच्याकडून ऐकण्यासाठी विचारणारी शक्यतो स्त्री असावी, आणि घरातली वडीलधारी माणसे उठून गेल्यावर विचारावे.

वाचनाची सोबत हवी असेल त्यांनी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’पासून आरंभ करावा. मग इरावती कर्वे यांचे ‘मराठी लोकांची संस्कृती’. आत्या-मामाच्या मुलांमधली लग्ने आणि उत्तर-दक्षिणेच्या नातेव्यवस्थांच्या मधोमध असलेला महाराष्ट्र कर्वे यांनी जसा उलगडला, तसा अद्याप कुणी उलगडलेला नाही. आंबेडकरांचा निबंध महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे. तो वीसएक पानांचा आहे आणि एका बैठकीत वाचून होतो.

जमवलेली माहिती ग्रामसभेत किंवा महाविद्यालयात मांडताना नावे गाळणे पुरेसे नसते. शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘पाच एकर, एक बहीण, बारावी नापास’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो आणि त्याच्या घरच्यांना खाली मान घालावी लागते. तेव्हा तीन-चार गावांची माहिती एकत्र करून गटांचे आकडेच द्यावेत. एकट्याची हकिकत सांगायची असेल तर त्याला आधी वाचून दाखवावी आणि तो नको म्हणाला तर काढून टाकावी. वही मात्र जपून ठेवावी. २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे. तिचे जिल्हावार तक्ते हाती आले की वहीतल्या प्रत्येक रकान्यासमोर ते मांडून पाहता येईल: कुठल्या वयाचे, किती शिकलेले, कुठल्या समाजातले पुरुष आणि स्त्रिया अविवाहित आहेत, आणि २०११ नंतर त्यात काय हलले.